बर्फावरच्या फळ्यांचा खप

त्या हिवाळ्यात मी स्नोबोर्डच्या जागतिक बाजारपेठेवर रिपोर्ट लिहीत होते. राहायला लातुरातच, आई-अप्पांच्या घरी. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरी बसून करते. ही कंपनी जगातल्या कुठल्याही वस्तूच्या बाजाराचा अभ्यास करून देते, आणि ज्याला त्या धंद्यात उतरायचंय तो हा अभ्यास विकत घेतो. त्याआधी मी कारखान्यात लागणाऱ्या गोंदावर लिहिलं होतं, मांजरांच्या खाण्यावर लिहिलं होतं, डॉक्टरांच्या हातमोज्यांवर लिहिलं होतं. विषय पुण्याहून वाटून येतो. आला की मी कामाला लागते.

स्नोबोर्ड म्हणजे काय हे मला पहिल्या दिवशी व्हिडिओ बघून कळलं. माणसाच्या हनुवटीला लागेल एवढी लांब फळी. तिच्यावर दोन पट्टे बसवलेले. त्यांत बुटासकट पाय अडकवायचे आणि आडवं उभं राहून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं. फळीच्या आत लाकडाचा गाभा असतो, वरखाली काचेच्या धाग्यांचे थर, आणि कडेनं पोलादाची बारीक पट्टी. चीनमध्ये बनते, ऑस्ट्रियात बनते, एवढंच काय, दुबईतही बनते. दुबईचं वाचलं तेव्हा मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं वाचतोय. पण खरं होतं. वाळवंटात कारखाना, आणि माल जहाजानं बर्फाच्या देशांना. अमेरिकेनं चिनी मालावर कर वाढवला की ब्रँडवाले नव्या देशातला कारखाना शोधतात, असं पुष्कळ जणांनी लिहिलं होतं. मीही लिहिलं.

या धंद्याची एक गोष्ट मला तेव्हा नुसती माहिती म्हणून कळली होती. दुकानदार पुढच्या हिवाळ्याची मागणी आदल्या हिवाळ्यातच नोंदवतो. उन्हाळ्यात माल तयार होतो, पावसाळ्यात कंटेनर निघतात, दिवाळीच्या सुमारास फळ्या दुकानात लागतात. बर्फ पडणार की नाही हे तोवर कुणालाच ठाऊक नसतं.

रिपोर्ट निम्मा झाला होता तेव्हा आई कंधारला गेली. मामाच्या मुलीचा साखरपुडा होता. दोनच दिवसांत मामाचा फोन आला की तिला ताप आहे, बोलताना मधेच थांबते आहे. तिला साखरेचा त्रास जुना होता. मामानं तिला गाडीत घालून नांदेडला नेलं आणि मी आणि अप्पा लातूरहून बसनं तिथं पोहोचलो. लघवीच्या जागेचं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ठेवून घ्यावं लागेल. आम्ही ठेवलं.

मी लॅपटॉप सोबत नेला होता. नेताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रिपोर्टची तारीख ठरलेली होती. आईच्या खाटेशेजारी एक स्टीलचं स्टूल होतं, त्यावर बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन मी लिहायची. अप्पा खाली झाडापाशी बाकड्यावर बसायचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, हातात औषधांची पिशवी. वर आले की आईच्या पायांपाशी उभे राहायचे, "कसं हाय?" म्हणायचे आणि ती "बरं हाय" म्हणाली की परत खाली जायचे. पंचेचाळीस वर्षांचा संसार त्या दोन शब्दांवर चालला होता असं मला कधी कधी वाटतं, पण मी त्यावर फार विचार केलेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझी जपानमधल्या एका दुकानदाराची मुलाखत ठरलेली होती. तिथं तेव्हा साडेदहा झालेले असतात. डोंगरातल्या एका गावात त्याचं स्नोबोर्डचं दुकान, वय सत्तरीच्या आसपास असावं. इंग्रजी हळू बोलायचा, एकेक शब्द ठेवल्यासारखा. मी खिडकीशी उभी राहून कानात इअरफोन घालून बोलत होते आणि वहीत टिपत होते. वही तीच होती जिच्यात आईच्या औषधांच्या वेळा लिहिल्या होत्या.

तो म्हणाला, यंदा बर्फ फार उशिरा आला. गेल्या वर्षीही तसंच झालं. गेल्या वर्षीच्या फळ्या अजून भिंतीला टांगलेल्या आहेत. त्यांच्याखाली यंदाच्या आल्या. लोक येतात, पण भाड्यानं घेतात. परदेशी पाहुणे तर भाड्यानंच घेतात, विमानातून फळी कोण आणतो? मी विचारलं, मग नवी मागणी का नोंदवली? तो हसला. म्हणाला, नाही नोंदवली तर कंपनी पुढच्या वर्षी चांगला माल दुसऱ्या दुकानाला देते.

मी "थँक यू सर" म्हणून फोन ठेवला. आई उशीवर मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"कुणाशी बोलून राहिलीस गं?"

"जपानच्या एका दुकानदाराशी."

"काय इकतो त्यो?"

"फळ्या. बर्फावर घसरायच्या."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "घसरायच्या? मुद्दाम?"

"हाव."

"खप हाय का त्येला?"

अडत्याची बायको होती ती. जन्मभर तूर, हरभरा, सोयाबीन असल्याच गोष्टी कानावर पडलेल्या. मी स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हाय की. लई खप हाय." कारण माझ्यासमोर जे तक्ते होते त्यांत तो होता. वर्षागणिक वर जाणारी रेघ होती.

"मग बरं हाय," आई म्हणाली.

त्याच दुपारी तिला आयसीयूत हलवलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तोंडात नळी होती. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं, एकेकानं आत जायचं, निळा गाऊन घालून. बाकीचा वेळ मी आयसीयूच्या बाहेर खुर्च्यांच्या रांगेत बसून लिहायची. कुणी म्हणेल की कामात मन गुंतवलं म्हणजे दुःख कमी होतं. तसं काही नव्हतं. मन कुठंच नव्हतं. हात चालत होते. जपान, युरोप, उत्तर अमेरिका, मग न्यूझीलंड आणि चिली, जिथं आपल्या उन्हाळ्यानंतर हिवाळा येतो. चीनमध्ये शहरांच्या मधोमध छताखाली बर्फाचे उतार बांधलेत, तिथं शिकणारे वाढलेत. हे सगळं मी तिथंच लिहिलं. शेजारी परभणीचं एक कुटुंब होतं. त्यांनी मला भाकरी दिली, मी खाल्ली.

आठव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दार उघडलं आणि नर्सनं आईचं नाव घेतलं. नातेवाईक कोण, म्हणून. मी रिपोर्टच्या 'संधी' नावाच्या प्रकरणात होते. वाक्य अर्धं झालं होतं. मी फाईल सेव्ह केली, लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला, पिशवीची चेन लावली. मग उठले. हे मला फार स्पष्ट आठवतं, कारण नर्स थांबून माझ्याकडे बघत होती.

अप्पांना खाली जाऊन मीच सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग हातातली औषधांची पिशवी माझ्याकडे दिली. त्यात सकाळी आणलेली इंजेक्शनं होती. "ही परत करून ये," म्हणाले. मी दुकानात जाऊन परत करून आले.

लोहा, अहमदपूर, चाकूर अशी ॲम्ब्युलन्स चालली. अप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी, मी आणि मामा मागं. अहमदपूरच्या अलीकडे फोन वाजला. पुण्याच्या कंपनीत माझं काम बघणाऱ्या मॅडमचा मेसेज होता, आशियाचा तक्ता कुठाय म्हणून. मॅडम माझ्यापेक्षा लहान आहेत, वाईट नाहीत. त्यांना काही माहीत नव्हतं. मी लिहिलं, "परवा देते." मामानं ते बघितलं.

आईला आमच्या रिवाजाप्रमाणे बसवून माती दिली. विधी करायला जंगम आले होते. बायका रडल्या. मला त्यांनी जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, "रड गं, रड" म्हणाल्या. मला रडू आलं नाही. एक मावशी बाजूला जाऊन दुसरीला म्हणाली ते मी ऐकलं, "दगड झालीय पोरगी." ते बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली असताना मी आतल्या खोलीत अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं आणि रिपोर्ट पाठवून दिला.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या लक्षात फारसे नाहीत. स्वयंपाक करत होते. अप्पा सकाळी पूजा करून मार्केट यार्डात एक चक्कर मारायचे. अडत त्यांनी केव्हाच बंद केली होती, पण ओळखीच्या दुकानांत बसून सौदे बघायची सवय होती. दुपारी घरी यायचे, जेवायचे, आडवे व्हायचे. आम्ही दोघं फारसं बोलत नव्हतो. भांडण काहीच नव्हतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी, जेवण झाल्यावर, त्यांनी अचानक विचारलं, "तिथं नांदेडला बसून काय लिहून राहिली होतीस तू?"

मला वाटलं त्यांना राग आलाय. तसा यायलाच पाहिजे होता. मी म्हणाले, "कामाचं होतं, अप्पा."

"ते माहीत हाय. काय होतं ते वाचून दाखव की."

"इंग्रजीत हाय."

"मग मराठीत सांग."

मी लॅपटॉप आणला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, कूलर चालू होता. मी पहिल्या पानापासून सांगायला लागले. अप्पा भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. फळी कशी बनते ते ऐकलं. दुबईचं ऐकलं तेव्हा एक डोळा उघडला. आदल्या हिवाळ्यात मागणी नोंदवायची पद्धत सांगितली तेव्हा म्हणाले, "म्हंजे पाऊस पडायच्या आधीच सौदा." अमेरिकेनं कर लावला, माल दुसऱ्या देशातून यायला लागला, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. बाहेरच्या देशातली तूर बंदरावर उतरली की इथला भाव कसा बसतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मग मी विक्रीच्या प्रकरणावर आले. विक्री सतत वाढते आहे, पुढंही वाढेल, असं मी लिहिलं होतं.

"इक्री म्हंजे कुणाची?" अप्पांनी विचारलं.

"कंपन्यांची. कारखान्यातून दुकानदाराला जेवढा माल गेला तेवढी."

त्यांनी डोळे उघडले. "आन् दुकानदाराकडून गिऱ्हाइकाला किती गेला?"

मी तक्ता खाली सरकवला. मग वर सरकवला.

"ते वेगळं नाही धरलेलं," मी म्हणाले.

"मग ह्यो माल जागचा हाललाच नाही की, माय," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. "ह्या गोदामातून त्या गोदामात गेला. त्येला खप म्हणतेत का? आन् बर्फ नाही पडला तर ह्या फळ्या कोण घेतंय? तूर तरी माणूस पुढच्या वर्षी खातंय."

मी उठून कपाटातून ती वही काढली. नांदेडनंतर उघडली नव्हती. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ अशा औषधांच्या वेळा, त्यांच्यासमोर बरोबरच्या खुणा. खाली माझ्याच अक्षरात: गेल्या वर्षीच्या फळ्या भिंतीवर. त्यांच्याखाली यंदाच्या. लोक भाड्यानं घेतात. मागणी नाही नोंदवली तर चांगला माल मिळत नाही.

सगळं त्या माणसानं मला सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं. आणि पाच मिनिटांत आईला सांगितलं होतं की लई खप हाय.

मला वाईट वाटलं असं मी लिहायला पाहिजे. खरं म्हणजे फक्त कानांत भणभण झाली, उन्हातून घरात आल्यावर होते तशी. मी अप्पांना म्हणाले, "चुकलंय माझं."

"मग ज्यानं घेतलाय त्येला सांगायला नको?"

"ते कंपनीच्या हातात असतं, अप्पा."

"कुणी घेतलाय?"

मला तेवढं माहीत होतं. हिमाचलमधला एक माणूस. त्याच्या वडिलांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं आणि त्याला डोंगरात स्नोबोर्डचं मोठं दुकान काढायचं होतं. माल बाहेरून मागवणार होता. अप्पा उठून आत गेले नाहीत. तिथंच बसून राहिले.

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, सगळेच असंच धरतात. दुकानदारांचे आकडे मिळतात कुठे? आपण पुढच्या आवृत्तीत एक ओळ टाकू."

"तोवर त्यांनी माल मागवलेला असेल."

"तो त्यांचा निर्णय असेल ना."

मी म्हणाले, "मॅडम, मला एका दुकानदारानं सांगितलं होतं. माझ्या वहीत आहे. मी ते रिपोर्टमध्ये घेतलं नाही. मी तेव्हा दवाखान्यात होते."

"दवाखान्यात? कुणासाठी?"

मी सांगितलं. चार महिने झाले होते आणि मी त्यांना सांगितलेलंच नव्हतं. मॅडम "अरे देवा" म्हणाल्या, मग "तू तो मेसेज त्याच दिवशी..." असं म्हणून थांबल्या. मला त्यांची समजूत घालावी लागली. शेवटी त्या म्हणाल्या, "आणखी दुकानदारांशी बोल. जमतील तेवढ्यांशी. मग दोन पानांची पुरवणी कर. मी पाठवते, माझ्या जबाबदारीवर."

मे महिनाभर मी सकाळी जपान आणि दुपारी युरोप असे फोन करत राहिले. ऑस्ट्रियाच्या एका बाईनं सांगितलं की तिनं नवा माल कमी करून दुरुस्तीचं टेबल वाढवलंय. स्वित्झर्लंडच्या एकानं फोनवरच शिव्या घातल्या, मला नाही, कंपन्यांना. सगळ्यांचं म्हणणं एकाच दिशेचं नव्हतं. उंचावरच्या गावांत बर्फ होता आणि विक्रीही बरी होती. खालच्या गावांत दोन्ही नव्हतं. बूट लोक स्वतःचे घेतात, कारण दुसऱ्याच्या बुटात पाय घालायला आवडत नाही. फळी मात्र भाड्यानं चालते. अप्पा रोज संध्याकाळी विचारायचे, "आज कोण होतं?" मी सांगायची. ते ऐकायचे आणि एखादा प्रश्न विचारायचे, तो बहुतेक वेळा मी विचारायला विसरलेली असायची. दुसऱ्या दिवशी मी तो विचारायची.

पुरवणी दोन पानांची झाली नाही, अकरा पानांची झाली. मॅडमनी ती जशीच्या तशी पाठवली.

जूनमध्ये हिमाचलच्या त्या माणसाचा फोन आला. मॅडमनी माझा नंबर दिला होता. हिंदीत बोलत होता, तरुण आवाज. त्यानं सरळ विचारलं की पहिल्या रिपोर्टमध्ये हे का नव्हतं. मी म्हणाले, माझी चूक होती. कारण सांगितलं नाही. तो म्हणाला की निम्म्या फळ्यांची मागणी नोंदवून झाली आहे, ती परत घेता येत नाही. उरलेली निम्मी तो आता नोंदवणार नाही. त्याऐवजी जपानमधून वापरलेल्या फळ्या आणून भाड्यानं द्यायच्या आणि बूट नवे ठेवायचे, असा त्याचा विचार होता. ठीक वाटतं का, असं त्यानं मला विचारलं. मी म्हणाले, मला तरी ठीक वाटतं.

"मॅडम, आप कभी बोर्ड पे खडी हुई हैं?"

"नहीं."

"बर्फ तो देखी होगी?"

"रसवंती पे," मी म्हणाले. त्याला रसवंती म्हणजे काय ते सांगावं लागलं. मग तो खूप हसला. फोन ठेवल्यावर मी अप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "निम्मा तर वाचला. निम्मं त्येचं त्यो बघंल." आणि चप्पल घालून बाहेर गेले.

त्या वर्षी दिवाळी आम्ही केली नाही. डिसेंबरात वर्षश्राद्ध झालं, मामा कंधारहून आला, दोन दिवस राहून गेला. जाताना मला म्हणाला, "तू आता पुण्याला जा की. इथं काय ठेवलंय?" मी नुसती मान हलवली. जायचंच नाही असं काही ठरवलेलं नव्हतं. जायचंय असंही नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी हिमाचलवाल्यानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. हिवाळा निम्मा कोरडा गेला होता, मग एकाच आठवड्यात भरपूर बर्फ पडला होता. त्याच्या दुकानासमोर रांग होती. नव्या फळ्या अजून दुकानातच होत्या, असं त्यानं खाली लिहिलं होतं, भाड्याच्या मात्र एकही शिल्लक नाही. व्हिडिओत एक जाडजूड माणूस फळीवर उभा राहिला, दोन्ही हात पसरून दहा पावलं घसरला आणि बायकोच्या अंगावर जाऊन पडला.

मी फोन अप्पांना देऊन स्वयंपाकघरात गेले. पीठ मळत होते तेव्हा बाहेरून त्यांचं हसणं ऐकू आलं. मोठ्यानं हसत होते. थांबले, आणि परत हसले. परत लावला असणार. मी हात तसेच पिठात ठेवून ऐकत उभी राहिले. काही वाटतंय का ते मी बघत होते. फार काही वाटलं नाही. पण हसणं थांबेपर्यंत मी तिथून हलले नाही.

"हे मामाला पाठव गं," अप्पांनी आवाज दिला.

"पाठवते," मी म्हणाले आणि हात धुवायला गेले. टेबलावर नवं काम येऊन पडलं होतं. या वेळी पोहताना घालायच्या चष्म्यांचं होतं.